नाव न विचारता दिलेली गोळी

आकांक्षा शिगवण वॉर्डात आली की म्हाताऱ्या बायका उशीवरून माना वर करायच्या. परळच्या त्या मोठ्या रुग्णालयात नर्सिंग शिकणाऱ्या मुली पुष्कळ होत्या, पण कुणाची वेणी घालून दे, कुणाला लेकीचा फोन लावून दे, ही कामं न सांगता करणारी ही एकटीच. घोडपदेवच्या चाळीत वाढलेली पोर. तिथे जिन्यात भेटलेल्या प्रत्येक बाईला काकू, मावशी, आजी असं काहीतरी म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आणि मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाव काय तुमचं?’ विचारणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं.

वर्गात सुचित्रा मॅडम नेमकं उलटं शिकवत. औषध देण्याआधी पेशंटचं पूर्ण नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या. ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारू नका, आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. मग मनगटावरची नावाची पट्टी बघा, केसपेपरशी ताडून पाहा. खाटेच्या नंबरावर विसंबू नका. माणूस, औषध, मात्रा, वेळ आणि देण्याची रीत, सगळं जुळल्याखेरीज गोळी पाकिटातून काढायची नाही. पेशंटने शंका काढली तर थांबायचं. गोळी डोळ्यांदेखत गिळली की मगच लिहायचं.

आकांक्षाला हे घडाघडा पाठ होतं. तोंडी परीक्षेत तिने ते असं म्हणून दाखवलं होतं, की बाहेरून आलेल्या परीक्षक बाई हसल्या होत्या. पण खाटेजवळ उभं राहिलं की ते नाव विचारणं काही जिभेवर यायचं नाही. काल ज्यांचे केस विंचरले त्यांनाच आज विचारायचं, तुम्ही कोण? आजी काय म्हणतील! त्यापेक्षा ‘आजी’ म्हटलं की काम भागत होतं.

खिडकीकडच्या खाटेवर मालन रेवाळे होत्या, मधुमेहाच्या. शेजारी अंबिका धुरी, लालबागच्या, बोलायला मालवणी, छातीत कफ साठला म्हणून दाखल झालेल्या. यांना साखरेचा काही त्रास नव्हता. दोघींची चांगली गट्टी जमली होती. त्या दिवशी पहाटे पंख्याचा वारा लागून अंबिका आजींची खोकल्याची उबळ थांबेना, तेव्हा मालन आजी म्हणाल्या, “तुम्ही या इकडे. मला नाहीतरी उकडतंच.” आणि उशा काखोटीला मारून दोघींनी खाटा बदलल्या. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सकाळी मेघना सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन निघाल्या, बरोबर आकांक्षा. तेवढ्यात पलीकडे एका पेशंटला भडाभडा उलटी झाली. “तू थांब, मी आले की देऊ,” असं म्हणून सिस्टर धावल्या.

आकांक्षा थांबली नाही. नाश्त्याची गाडी दारात आली होती, मालन आजींची गोळी खाण्याआधी द्यायची होती, आणि सिस्टर येईपर्यंत आपण एवढं उरकलं तर त्या खूश होतील असंही मनात होतं. खिडकीकडच्या खाटेवर पांघरूण ओढून पाठमोरी कुणीतरी निजली होती.

“आजी, उठा बघू. नाश्त्याआधीची गोळी.”

अंबिका आजी उठून बसल्या. हात पुढे केला, गोळीकडे पाहिलं. “ही माका गो? काल नव्हती ती.”

“डॉक्टरांनी लिहिलीय, आजी. का, माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्यावर नाय तर कोणावर गो चेडवा!” आजी हसल्या आणि त्यांनी गोळी गिळली. आकांक्षाने मालन आजींच्या केसपेपरवर सही केली. समोरचा चेहरा तिने पाहिला होता, ओळखीचाही होता. पण तिच्या डोक्यात त्या दोघी नुसत्या ‘आजी’ होत्या, आणि खिडकीकडची खाट म्हणजे साखरेची गोळी. त्यापलीकडे ती गेलीच नाही.

अंबिका आजींना तोंडाला चव नव्हती. उपमा तसाच राहिला. दुपारकडे त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि समोर उभ्या असलेल्या मेघना सिस्टरना त्या ‘पोस्टमन इलो काय?’ असं विचारू लागल्या. सिस्टरनी बोटाला टोचून साखर पाहिली. फार खाली गेली होती. डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज सुरू झालं.

“हिची साखर उतरलीच कशी?” सिस्टर म्हणाल्या.

शेजारून मालन आजी बोलल्या, “आणि माझी साखरेची गोळी आज आलीच नाही, हो.”

आकांक्षाला सकाळची खिडकीकडची खाट आठवली. सिस्टरनी केसपेपर पाहिला. “शिगवण, सही तुझी आहे. कुणाला दिलीस?”

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला. शुद्धीवर येत असलेल्या अंबिका आजी म्हणत होत्या, “त्या चेडवाक काय बोला नको. मालन न्हाणीत गेलली. टेबलावरची गोळी मीच घेतलंय. माझीच वाटली माका.”

मालन आजी काही म्हणणार होत्या, पण शेजारणीचा चेहरा बघून गप्प बसल्या.

“थांब म्हटलं होतं ना? आणि गोळी टेबलावर ठेवून गेलीस?” सिस्टरनी आकांक्षाकडे पाहिलं. “गिळताना बघायचं असतं ना?”

आकांक्षाने मान हलवली. लहान चूक कबूल केली आणि मोठी तिच्याखाली दडवली. सिस्टर चिडल्या, पण जराशा सुटल्यासारख्याही वाटल्या. पेशंटने दुसऱ्याची गोळी घेतली, असं त्यांनी लिहून टाकलं.

साखरेची ती गोळी हट्टी असते. ग्लुकोजने साखर वर आली तरी पुन्हा पाडते. म्हणून आजींच्या बोटाला थोड्या थोड्या वेळाने टोचायचं ठरलं, आणि ते काम आकांक्षाकडेच आलं. दर खेपेला आजी मुकाट्याने बोट पुढे करत. रागावत नव्हत्या. एकदाच पुटपुटल्या, “तुझा शिक्षण बंद पडता नये.” आकांक्षाला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला आजींचा मुलगा हितेंद्र आला, डोंबिवलीहून. मेघना सिस्टरनी त्याला झालेलं सांगितलं, म्हणजे लिहिलेलं सांगितलं. तो खाटेशी आला तो तापूनच.

“आई, दुसऱ्याच्या टेबलावरची गोळी? लहान पोरगी आहेस का तू? मी सांगत होतो, हिला आता समजत नाही, एकटी राहू नये. बास झालं. लालबागच्या खोलीला कुलूप. इथून थेट माझ्याकडे.”

“अरे, माका काय झाला नाय—”

“काय झालं नाय? मरता मरता वाचलीस! उद्या गॅस चालू ठेवशील.”

आसपासच्या खाटांवरचे सगळे ऐकत होते. त्या खोलीत आजी लग्न होऊन आल्या होत्या. अजून स्वतःचा बाजार स्वतः आणायच्या, आल्यागेल्याला चहा करायच्या. डोंबिवलीला काय, टीव्हीसमोर बसायचं. हे सगळं आजींनी वेणी घालताना आकांक्षालाच सांगितलं होतं. त्यांचा चेहरा उतरला, तरी खोटं त्यांनी मागे घेतलं नाही. फक्त एकदा आकांक्षाकडे पाहिलं आणि चटकन नजर दुसरीकडे वळवली, जणू आपण बघितलं हीच चूक झाली.

आकांक्षाच्या हातात साखर मोजायच्या यंत्राचा ट्रे होता. ती दारापर्यंत गेली. कुणी अडवलं नसतं. दाराशी थांबली, आणि मग परत आली.

“काका, आजींनी गोळी घेतली नाही. मी दिली. खाटा बदलल्या होत्या, मी नाव विचारलं नाही. आजींनी विचारलं होतं, ही माझी का म्हणून. मीच घ्यायला लावली.”

मालन आजींनी पदर तोंडाला लावला.

हितेंद्र आईकडे वळला. “मग तू खोटं का बोललीस?”

“लेकीसारी असा ती,” आजी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “आता गो, कित्याक सांगितलंस?”

मेघना सिस्टरनी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. ओरडल्या नाहीत. “चूक माझ्याही हातून झालीय कधीतरी. पण आजारी बाईवर ढकलून दुपारभर गप्प बसलीस तू. तुझ्या मौनावर मी सही केली. आता मी माझं लिहिलेलं खोडणार आणि तू तुझ्या हाताने खरं लिहिणार. सुचित्रा मॅडमना मी सांगते. तोवर ट्रॉलीला हात लावायचा नाही.”

“हो, सिस्टर.”

“आणि रडू नकोस. रडायला तुला वेळ नाही, बोट टोचायची वेळ झालीय.”

ती वॉर्डात शिरली तेव्हा हितेंद्र दाराशी उभा होता. आकांक्षाने मान खाली घातली. तो बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

“मला एक सांगा,” तो म्हणाला. “तिच्या गोळ्या तिला घेता येतील का, एकटीने? खरं सांगा.”

तिला वाटलं, हे मला का विचारतात? मी कोण सांगणार? पण उत्तर तिच्याकडेच होतं आणि आजींचं घर त्यावर अडलं होतं.

“येतील,” ती म्हणाली. “आज गोळी चुकीची आहे हे फक्त त्यांनाच कळलं होतं.”

हितेंद्र बाजूला झाला. आत जाऊन आईच्या पायाशी बसला. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आकांक्षा खाटेपाशी आली. आजींनी न सांगता हात पुढे केला. बोटांची टोकं जागोजागी टोचून काळीनिळी झाली होती. न दुखणारं बोट शोधत ती तो हात नुसताच धरून उभी राहिली.

“ह्या घे,” आजींनी करंगळी पुढे केली, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

आकांक्षाने टोचलं. तिला वर बघवलं नाही.