पाण्यावर सोडलेली कानबाई

आमच्या घरावर पिढ्यान्‌पिढ्या जिने राज्य केलं, त्या बाईला तलावात बुडवायला मी भाड्याच्या सायकलवरून निघालो होतो. वाचकहो, दचकू नका. ती बाई म्हणजे आमची कानबाई. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कानबाई म्हणजे आमची घरची देवी. देवी म्हणजे एक जुना नारळ. श्रावणातल्या रविवारी त्याला चांदीचे डोळे, नथ, खण चढवून पाटावर बसवायचं, त्यासाठी आदल्या रात्री घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून जात्यावर दळायचे, त्या पिठाचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन पाण्यावर जायचं, बुडी द्यायची, आरती करायची आणि तिला पुन्हा घरी आणून पुढच्या श्रावणापर्यंत जपून ठेवायचं.

मी लहान असताना आमच्या घरी गहू मोजता मोजता आजोबांचा हात दुखत असे. मग मानमोडीची साथ आली आणि भाऊ, चुलते, त्यांची पोरं अशी सगळी रांग उठून गेली. एक चुलता वऱ्हाडात गेला होता, त्याचा पत्ता नाही. मागे राहिलो मी आणि आमची मंडळी, आणि आम्हांला मूलबाळ नाही. त्यानंतर दर श्रावणात माझ्या एकट्याच्या नावाने सव्वा मूठ गहू जात्यात पडत. दोन फेऱ्यांत पीठ होऊन जाई आणि जातं नुसतंच घरघरत राही. तो आवाज ऐकला की मी उठून अंगणात जात असे.

मी पंचेचाळिशी ओलांडली तसा एक विचार डोक्यात घर करून बसला. उद्या आम्ही दोघं गेलो की घराला कुलूप लागणार आणि देवी आत अंधारात, दिव्यावाचून. त्यापेक्षा आपल्या हयातीत तिला मानाने पाण्यात पोचवावं. मी अमळनेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, आणि गणपतीच्या नाटकांत हमखास खलनायक. कठोर निर्णय भरघोस आवाजात जाहीर करण्याचा मला सराव होता. तसा हा निर्णय मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून जाहीर केला.

मंडळींनी चुलीवरून मान वर केली नाही. "पाठवा," ती म्हणाली, "पण तिचे डोळे मी काढून देणार नाही. आंधळी करून पाठवू काय तिला?"

माझं सगळं भाषण त्या एका वाक्यात संपलं. देवी डोळ्यांसकट, नथीसकट खणात बांधली गेली आणि कापडी पिशवीत बसली.

आता सायकलचं. आमच्या गावात सुकलालभाऊंचं सायकलचं दुकान होतं. पावसाळ्यात जिनिंग बंद, त्यामुळे आम्ही मोकळे, आणि सुकलालभाऊंच्या सायकलीही मोकळ्या. म्हणून त्यांनी एक टूम काढली होती. पारोळ्याकडच्या मोठ्या तलावापर्यंत सायकलने जायचं, तिथे सायकली होडीत घालून पलीकडे उतरायचं आणि काठाकाठाच्या गावांतून फिरून परत यायचं. वाटाडे स्वतः सुकलालभाऊ. त्या सोमवारची जाहिरात ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून करत होते, "तलावाकाठच्या बठ्ठ्या, एकूणएक गावांच्या कानबाई पाण्यावर येतात, एकदा डोळे भरून पाहा!" मी मनात म्हटलं, तिच्या दिवशी, तिच्या बहिणींच्या संगतीत, याहून चांगला मुहूर्त कोणता? जिनिंगमधले दोन सोबती मजा म्हणून आले. मी कशासाठी आलो ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या श्रावणात रविवारी मी देवी मांडलीच नव्हती.

दोन दिवस उघडीप होती तरी काळ्या मातीने आपला धर्म सोडला नव्हता. चाकांत माती अशी भरे की सायकल आमच्यावर बसायची वेळ येई. सुकलालभाऊ घंटी वाजवत पुढे, हातात माती खरवडायची काडी, आणि तोंडाने वाटाड्याचं काम चालू. "डाव्या हाताला बघा, बगळे! उजव्या हाताला बघा, तेच बगळे, उडून आले!" सोबती हसत होते. मीही हसत होतो. सायकलच्या दांड्याला अडकवलेली पिशवी दर खड्ड्याला गुडघ्यावर आपटत होती, आणि दर वेळी मी हळूच "माफ कर, आई" म्हणत होतो.

तलावावर एका म्हाताऱ्या भोयाची होडी होती. सायकली आडव्या घातल्या, आम्ही त्यांच्या मधल्या जागेत पाय खुपसून बसलो. पश्चिमेचा वारा सुटला होता, पाण्यावर बारीक लाटा होत्या. मधोमध आल्यावर सुकलालभाऊंनी लांब कुठेतरी बोट दाखवलं, सोबत्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि मी पिशवीत हात घातला.

इथे एक सांगायला हवं. नारळ पाण्यावर तरंगतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरून निघताना मी त्याला बांधायला एक दगडही निवडला होता. पण दगड हातात घेतला आणि कळलं की आपण देवीच्या गळ्यात धोंडा बांधायला निघालो आहोत. असं काम नाटकातल्या खलनायकानेसुद्धा केलं नसतं. दगड मी अंगणातच ठेवला, आणि तिची ती बघून घेईल, असं काहीसं मनाशी म्हणत निघालो.

दोन्ही हातांनी मी तिला पाण्यात सोडलं. ती खाली गेली. आणि लगेच, चेंडू उसळावा तशी वर आली, तोंड आभाळाकडे, चांदीचे डोळे लख्ख. मी हाताने पुन्हा खाली दाबली. ती दुसऱ्या बाजूने वर आली. देवीशी असा पोरखेळ करताना कोणी बघेल म्हणून मी हात मागे घेतला. तोवर वाऱ्याने तिला होडीपासून दूर नेलं होतं. पुढे पुढे एक लाल ठिपका दिसत राहिला, मग तोही दिसेना.

"काय टाकं, भाऊ?" मागून भोयाने विचारलं.

"फुलं," मी म्हणालो.

मला वाटलं होतं की आता मोकळं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. पिशवी रिकामी होऊन मांडीवर पडली होती. एखाद्याला गाडीत बसवून दिल्यावर फलाटावरचा माणूस जसा उगाच उभा राहतो, तसा मी बसून होतो.

पलीकडे उतरून आम्ही काठाने सायकली हाकल्या. केळीची एक बाग, जोंधळ्याची शेतं, मग एक गाव, मग दुसरं. प्रत्येक पाणवठ्यावर बायका डोक्यावर पाट घेऊन येत होत्या, गाणी चालली होती, डफ वाजत होते. सुकलालभाऊ म्हणाले ते खोटं नव्हतं, डोळे भरून पाहण्यासारखंच होतं. माझे डोळे भरलेही, पण सोबत्यांना मी धूळ गेली असं सांगितलं. चिखलात धूळ कुठून आली, हे विचारण्याइतके ते हुशार नव्हते.

पूर्वेच्या टोकाच्या गावी जेवायचं ठरलं होतं. तिथे पोचलो तर डफ बंद. गाणी बंद. सगळा गाव पाण्याशी गोळा होऊन गप्प उभा. गर्दीतून डोकावलो आणि माझ्या हातातली सायकल आडवी झाली.

चिखलात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची म्हातारी मांडी घालून बसली होती. मांडीवर पाट. पाटावर तिच्या घरची कानबाई, आणि तिच्या शेजारी, ओलीचिंब, आमची.

लोक हलक्या आवाजात बोलत होते त्यावरून समजलं. म्हातारीचं नाव गोजरअक्का. तिने आपली देवी पाण्यात बुडवून वर काढली, तोच लाटेबरोबर दुसरी देवी येऊन तिच्या पदराला लागली. घाबरून कोणी म्हणालं परत सोडा, कोणी म्हणालं कोणाच्या घरावर काय आलं असेल. गोजरअक्काने कोणाचं ऐकलं नाही. दोघींना एका पाटावर बसवलं आणि खाली बसली. कालपासूनचा उपास तिने सोडला नव्हता.

"जवलोंग हिना घरना मानूस येत नही," ती म्हणत होती, "तवलोंग मी आठून उठाव नही."

तिची सून हात जोडून होती. "आत्याबाई, दोन घास खाई ल्या."

"तिना मानूस सापडू दे. मंग खाईसू."

माझ्या कानाशी सुकलालभाऊंचा आवाज आला, "सकायले तुमनी थैली फुगेल व्हती, भो."

मी मान वळवली. त्यांची बडबड संपली होती. ते नुसते माझ्याकडे बघत होते.

शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज, आणि त्या दिवशी तो दोन हातांवर पोचेना. मी पुढे झालो आणि कसंबसं म्हणालो, "अक्का, माझी आहे."

अक्काने मला पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "तुनी शे? मंग पानीमा कसाले गई? पोहाले शिकाडत व्हता का?"

सगळा गाव हसला. माझ्या आयुष्यात इतकं मोठं हसू कोणत्याही नाटकाला मिळालं नाही. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी चिखलात बसलो आणि रडू लागलो. मग सगळं सांगितलं. मानमोडी, सव्वा मूठ, रिकामं जातं, कुलूप. सांगताना माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आमच्या मंडळींनाही नाही.

अक्का ऐकत राहिली. मग पाटावरच्या दोघींकडे बघून म्हणाली, "आमना गावनी रीत शे. एक पाटवर ज्या बसन्यात, त्या बहिनी. बहिनीस्ना घरं भाऊबंद. आते तू परका नही. पुढला सालले तुना घर गहू मोजशी, तव्हय आम्हना बठ्ठास्ना नावनी मूठ टाकजो. आन आम्ही रोट खावाले येसूत."

"अक्का, पण माझ्यामागे?" मी विचारलं.

"तू मरशी तव्हय आम्ही शेतस ना! हिले आमना पाटवर जागा शे." ती सुनेचा हात धरून उठली आणि वळून म्हणाली, "पन मरानी घाई करू नको. तुले सायकल धड धरता येत नही, रस्तामाच जाशी."

त्या दिवशी मी त्यांच्या घरी रोट खाल्ले. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर, आणि जाड, खरपूस रोट. सोबती आणि सुकलालभाऊ ओट्यावर बसून भाकरी खात होते, कारण ते परके होते. मी आतल्या पंगतीत, अक्काच्या मुलांच्या आणि पुतण्यांच्या रांगेत. माझ्या पानात पहिला रोट पडला तेव्हा अक्काने स्वतःचा घास घेतला.

आमच्या देवीला मी परत आणलं. दारात मंडळींनी पिशवीचा आकार पाहिला आणि हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं. मी म्हणालो, "बुडली नाही." ती म्हणाली, "मला ठाऊक होतं." कसं ठाऊक होतं, ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

वारा पश्चिमेचा होता, गाव पूर्वेला होतं, आणि सुका नारळ तरंगतो. या तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत आणि मी कोणाशी वाद घालत नाही. तलावाला काठ भरपूर आहे आणि त्या सकाळी त्यावर बायकाही भरपूर होत्या, एवढंच मी जाणतो. मी तिचं पुढे काय होणार याची काळजी वाहत होतो. तिचं पुढे काय व्हायचं ते माझ्या हातात कधी नव्हतंच, आणि तिने ते मला न रागावता, चांदीच्या डोळ्यांनी आभाळाकडे बघत दाखवून दिलं. माझ्याकडून फक्त हात सोडणं व्हायचं होतं. तेही मी वेड्यासारखं केलं, पण तिने ते पदरात घेतलं.

पुढच्या श्रावणात शनिवारी संध्याकाळी दोन बैलगाड्या दारात उभ्या राहिल्या. पुढल्या गाडीतून आपली देवी पदरात घेऊन गोजरअक्का उतरली, मागून मुलं, सुना, नातवंडं. मी मुठी मोजायला बसलो. एकेकाचं नाव विचारायचं, सव्वा मूठ टाकायची. नावं संपेनात. आमची मंडळी आणि अक्काच्या सुना जात्याला बसल्या, आणि रात्री निजेपर्यंत जातं भरल्या गळ्याने बोलत राहिलं. मला अंगणात जावंसं वाटलं नाही.

तेव्हापासून दर श्रावणात त्या रविवारी पाटासमोर हात जोडतो तेव्हा काही मागायचं असतं, पण आठवत नाही. कारण नेमकी त्याच वेळी आतून हाक येते, "अहो, तिथे उभे काय राहिलात? पानं मांडा, जागा पुरत नाहीये!"