सामाईक विहिरीवरची सावली

लातूरच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. हवामान बदलाच्या तासाला दरवर्षी एकच वाद: धुरावर कर लावावा, की सौरऊर्जेला अनुदान द्यावं? मी अनुदानाच्या बाजूचा. कर म्हटलं की माणूस तोंड वाकडं करतो, अनुदान म्हटलं की रांगेत उभा राहतो, असं ठासून सांगायचो. माझी अक्कल माझ्या चुलतभावानं ठिकाणावर आणली.

कंधारजवळ आम्हा दोघांत एक सामाईक विहीर आहे. एक दिवस दादाची पाळी, एक दिवस माझी. दोघांचीही डिझेल इंजिनं, त्यामुळे पाणी बेतानंच उपसलं जायचं. मग त्याला अनुदानाचा सौरपंप हवा झाला. सामाईक विहिरीवर त्यासाठी दुसऱ्या वाटेकऱ्याचं संमतीपत्र लागतं. मी काहीही लिहून न घेता सही केली, वर त्याचा पेढाही खाल्ला.

ऊन फुकट. पहिल्याच रब्बीत त्यानं पाळी मोडली, पंप रोज दिवसभर चालू. विचारलं तर म्हणाला, "ऊन काय तुझ्या पाळीसाठी थांबून राहतंय का? तू रात्री इंजिन लाव की." संध्याकाळी विहिरीत नुसता गाळ. माझा हरभरा ऐन फुलात वाळला. त्याचे पॅनल दगडानं फोडावेत इतका संताप आला. पण मी मास्तर माणूस. मी बांबू लावला.

बांबूलाही अनुदान असतं. पॅनलच्या दक्षिणेला माझा बांध, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडूनच जातो. विकतच्या टँकरनं मी ती रोपं जगवली. चौथ्या हिवाळ्यात सावली बरोबर पॅनलवर पडली.

दादा धावत आला. "आरं, पंप पाणीच उचलंना! तोडून टाक ते."

"अनुदानाचे हायेत दादा. न्हाई तोडता येत."

शेवटी त्यानं स्टॅम्प पेपरवर जुनी पाळी लिहून दिली. सही करताना माझ्याकडं बघितलंही नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वर्गात आता मी कराच्या बाजूनं बोलतो. फुकट मिळालं की माणूस उपसत सुटतो, चटका बसला की हात आखडतो.

कागद माझ्या हातात देताना त्यानं विचारलं, "आता तरी तोडशील ना?"

मी "हाव" म्हणालो. त्याला दोन हिवाळे झाले. परवाच बांबूला शेणखत घालून आलो.