सासऱ्यांचा डाळिंब दौरा

प्रवासाने माणसाला नवी दृष्टी मिळते. पूर्वी साधू याच कारणासाठी पायी हिंडत आणि हल्ली शेतकरी याच कारणासाठी अभ्यास दौऱ्यावर जातात. फरक इतकाच की दौऱ्यात टोपी, नाश्ता आणि गळ्यात अडकवायला बिल्ला मिळतो.

माझे सासरे वालचंदनगरच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला शेती करतात. त्यांची डाळिंबाची बाग एके काळी नावाजलेली होती. लोक गाड्या करून ती बघायला येत, झाडाशेजारी उभे राहून फोटो काढत, आणि सासरे कमरेवर हात ठेवून बाजूला उभे असत. रस्त्याकडच्या फाटकावर ‘आदर्श डाळिंब बाग’ असा फलक लागला तो त्याच काळात. मग बागेत तेल्या शिरला. हा डाळिंबाचा रोग. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं, मग व्यापारी फोन उचलायचं बंद करतो. सासरे दर बहराला फवारत राहिले आणि रोग दर बहराला येत राहिला. माघार कोणीच घेत नव्हतं.

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. कालव्याची पाळी आली की सगळं पाणी त्या बागेला जातं आणि म्हशींना वैरण विकत आणावी लागते, तर बाग काढून टाका. सासरे म्हणत, बघू. हे ‘बघू’ काही वर्षं चाललं. शेवटी त्यांनी मुदत मागून घेतली: बारामतीहून डाळिंबाचा दौरा निघतोय, तेवढा करून येतो, लोक काय करतायत ते पाहतो, मग ठरवू.

"दौऱ्यात ठरलं तर ठरलं," सासूबाई म्हणाल्या. "न्हाय तर मी ठरवीन."

मी बारामतीत कॉलेजात शिकवतो. डाळिंब मला सोललेलं ओळखता येतं. तरीही जावयाने सोबत जावं असं घरात ठरलं, आणि जावयाला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. सासरे आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला आले. मोबाइल ते आपल्या घरीच चार्जिंगला लावून विसरले होते. सकाळी बसमध्ये बसलो तेव्हा बाकीची मंडळी दौंड-पुरंदरकडची निघाली आणि दौऱ्याचे साहेब नुकतेच बदलून आलेले. आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं.

आधी कन्हेरीला भाजीपाला पाहायचा आणि मग लोणी भापकरला डाळिंबाची बाग, असा बेत होता. कन्हेरीत टोमॅटो पाहत असताना निरोप आला की लोणीच्या बागवाल्यांच्या घरी कोणी वारलंय. साहेबांनी लगेच जुन्या सहकाऱ्याला फोन लावून दुसरी बाग विचारली. त्याला एक आदर्श बाग आठवली आणि त्याच्याकडे नंबरही होता. साहेबांनी त्या नंबरवर फोन केला. एका बाईंनी तो उचलला आणि या की, म्हणाल्या. बस उलट्या दिशेला निघाली.

सासरे जेवून झोपले होते. कालव्याच्या पुलावर बसने गचका दिला तेव्हा ते जागे झाले आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"पाव्हणं, रस्ता वळखीचा वाटतोय."

पुढच्या वळणाला तो फलक दिसला. मी साहेबांना सांगायला उठलो, तर सासऱ्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं.

"थांबा. काय दाखवत्यात ते तरी बघू."

घरातली माणसं बागेत जायची ती मागून, गोठ्याच्या बाजूने. पुढचं फाटक पाहुण्यांसाठी होतं. त्या फाटकातून सासरे त्या दिवशी रांगेत, टोपी घालून, बिल्ला लावून आत गेले. सासूबाई पदर सावरत समोर आल्या. सगळ्यांना या, या म्हणता म्हणता त्यांची नजर रांगेत अडकली.

साहेबांनी विचारलं, मालक कुठे आहेत. सासऱ्यांनी रांगेतूनच मान किंचित हलवली. संसारात एवढी खूण पुरते.

"दौऱ्यावर गेल्यात," सासूबाई म्हणाल्या.

"कसल्या?"

"डाळिंबाच्या."

लोक हसले. साहेब मात्र गंभीर झाले. इतकी आदर्श बाग असूनही ज्याची शिकायची भूक संपलेली नाही, अशा शेतकऱ्याकडून आपण प्रेरणा घेतली पाहिजे, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनीही वाजवल्या.

मग साहेबांनी माहिती दिली. ती त्यांनी लोणीच्या बागेसाठी तयार करून आणलेली होती आणि ऐनवेळी बदलायला सवड नव्हती. त्यामुळे बाग कोवळी आहे, फुटवे जोमदार आहेत आणि यंदा माल परदेशी जाणार आहे, हे सगळं आम्ही वाळक्या फांद्यांखाली उभं राहून ऐकलं. लोक माना डोलवत होते. सासऱ्यांनी एका झाडाकडे बोट करून विचारलं की याचं काय चुकलं. मालक असते तर त्यांनीच सांगितलं असतं, असं साहेबांचं उत्तर आलं.

बसमध्ये आमच्या शेजारी दौंडकडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी एक फळ तोडून फोडलं, खोडाची साल नखाने खरवडली आणि सासऱ्यांच्या जवळ आले.

"आबा, ही बाग कवाच गेली हाय. मालकाला कुणी सांगितलं न्हाय एवढंच."

"बायको सांगत आसंल की."

"आन् बायकोचं कोण ऐकतंय. दारात बोर्ड लावलाय न्हवं, मग झाड काढायला हात कसा हुईल? बोर्डाला पाणी घालतोय तो."

मी दुसरीकडे पाहिलं. सासरे मात्र अजिबात चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमची आसती तर?"

"माझी व्हती. काढली."

"मग?"

"दोन रोज जेवण गेलं न्हाय. मग गेलं."

त्यानंतर चहा झाला. सासऱ्यांच्या चहातली साखर घरात कधीच बंद झाली आहे. पण पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा कसा द्यायचा, म्हणून त्यांना गोड मिळाला. त्यांनी दुसरा कपही मागून घेतला. सासूबाईंनी तोही दिला.

निघायची वेळ झाली. मला वाटलं, ते आता घरातच थांबतील. घर समोर होतं, खाटेवर त्यांचं धोतर वाळत होतं. पण ते रांगेतून निघाले आणि बसमध्ये जाऊन बसले. मी हळूच विचारलं.

"त्या दौंडवाल्यानं आपली जागा धरलीया," ते म्हणाले. "आता कळलं तर त्याच्या जिवाला लागंल."

सासूबाई फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि मालक आल्यावर तुम्ही येऊन गेल्याचं सांगते, असं साहेबांना म्हणाल्या. आम्ही बारामतीला गेलो. तिथे समारोप झाला, नव्या दृष्टीवर तीन भाषणं झाली. ते दौंडकर गृहस्थ सासऱ्यांना पुन्हा भेटू म्हणत आपल्या गाडीकडे गेले. मग आम्ही एसटी धरली आणि दिवसभरात दुसऱ्यांदा त्याच फाटकासमोर उतरलो.

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय बघितलं?"

"एक बाग बघितली."

"कशी हुती?"

"काढाय पायजे," सासरे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढच्या आठवड्यात जेसीबी आला. सासरे कमरेवर हात ठेवून बाजूला उभे होते. दुपारच्या जेवणाच्या आत रान मोकळं झालं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. दौंडकरांपेक्षा एक दिवस आधी.

तिथे आता मका आहे. म्हशी तो आवडीने खातात. बघायला अजून कोणी आलेलं नाही.