चपलांचा नंबर

आमच्याकडे माणूस जन्मतो तोच मुळी नंबर लावून. गिरणीवर दळणाचा नंबर, वर्गात पोराचा नंबर, नोकरी मिळाली तर ‘लागला बे नंबर’. ठेचा जमला तर एक नंबर, आणि ज्याचा बंगला फारच भराभर चढला त्याचा धंदा दोन नंबर. हा शब्द इंग्रज इथे विसरून गेले असतील. पण परत मागायला आले तर आमच्या वरवट बकालच्या वेशीवरूनच हाकलून देऊ. वापरून वापरून तो आमचा झालाय.

म्हणूनच जळगाव जामोदच्या दवाखान्यातला कंपाउंडर मला नंबर म्हणजे काय ते शिकवायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

आईच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. लग्न होऊन आली तेव्हापासून गावच्या देवळात पारायणाची पोथी तीच वाचते. गेल्या वर्षी दोनदा तिची ओळ सुटली, आणि यंदा दुसरी बाई बसवायची कुजबुज सुरू झाली. पारायण उद्या सकाळी बसणार होतं. डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. आज तपासलं तर संध्याकाळपर्यंत चष्मा, नाहीतर आईची जागा गेली.

पहिल्या एसटीने पोचलो तर दवाखान्याच्या ओट्यावर सहा चपला रांगेत आणि त्यांची माणसं समोरच्या लिंबाखाली. रीतच आहे ती. चपलेनं उभं राहायचं, आपण सावलीत बसायचं. आईने आपली डावी चप्पल सातवी ठेवली. दहा वाजेपर्यंत चाळीस झाल्या. रांगेचं शेपूट सातपुड्यात शिरलं असावं.

तेवढ्यात कंपाउंडर झाडू घेऊन बाहेर आला.

“चपला उचला. आजपासून नंबर फोनवर. ज्यानं काल फोन केला, त्यालेच नंबर.”

“हे आम्हाला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“फोन केला असता तर सांगतलं असतं न.”

लिंबाखालून एक म्हातारा म्हणाला, “चपलेले रेंज लागत नाही बापू. म्हणून तिचा नंबर कधी चुकत नाही.”

फोनवाले एकेक करून आत जाऊ लागले. मग मी दारात बसकण मारली. माझा आकार पाहता दवाखान्याला कुलूप लागलं असंच म्हणायला हवं. कंपाउंडर माझ्या कानाशी वाकला. “ताई, तमाशा नका करू. तुमच्या आईले गुपचूप आत घेतो.”

खोटं कशाला सांगू, मी अर्धी उठलेही होते. पण मागे येऊन उभ्या राहिलेल्या आईनं ऐकलं होतं.

“माह्यापुढं सहा जण हायेत. त्यायले सोडून मी काऊन जाऊ?”

“मावशी, मंग आज राहीन तुमचं.”

“राहू दे.”

पारायण उद्यावर, आणि बाई म्हणते राहू दे. मी परत खाली बसले. बसल्या जागी मला डॉक्टरांचे काळे बूट दिसले, दाराशी काढून ठेवलेले. ते उचलले आणि नेऊन रांगेच्या टोकाला ठेवले.

तासाभराने डॉक्टर चहाला निघाले आणि मोज्यांवर ओट्यावर येऊन उभे राहिले.

“माझे बूट?”

“आहेत साहेब,” मी म्हणाले. “एक्केचाळिसावा नंबर आहे तुमचा.”

लिंबाखाली हशा पिकला. डॉक्टर हसले नाहीत. त्या मोज्यांवरच ते रांगेच्या कडेने चालत गेले. कुठे अंगठा तुटलेली चप्पल, कुठे सुतळीने बांधलेली. टोकाला जाऊन बूट घातले, परत आले आणि कंपाउंडरला म्हणाले, “एक फोनवाला, एक चपलेवाला. असं सोड.” चहा राहिला.

आईची पाळी दोनला आली. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “वय झालं मावशी. बारीक अक्षरं वाचणं कमी करा आता.”

“सात दिवस वाचतो. मंग पाहू.”

शेवटच्या एसटीआधी चष्मा हातात पडला. सकाळी ती पोथीसमोर बसली. कुजबुजणाऱ्या बायांना नावानिशी बोलावून अगदी पुढ्यात बसवून घेतलं आणि पहिला अध्याय सुरू केला, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.