कौसामावशीचं शहाणपण मी माझ्या नावावर खपवलं

मांजराचा खुराक कसा बदलायचा, ही माझी पोस्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअर केली होती.

ती माझी नव्हती. चोरलेली होती.

जिची होती, ती कौसामावशी आज पहाटे गेली.
ती असताना हे लिहायची हिंमत झाली नाही.

नांदूरघाटात माझं पशुखाद्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. मावशी आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. शेळ्या राखायची. घरात भुरी नावाची मांजर. पोटानं लई नाजूक. जरा वेगळं काही खाल्लं की उलटी.

दुकानात मी मांजराच्या खाद्याची पाकिटं नवीन नवीन ठेवायला लागलो होतो. एक दिवस मावशी आली.

"हे भुरीला चालंल का रं? तिचं पोट लई वंगाळ हाय."

मी मोबाईलमध्ये बघत होतो. वर न बघताच म्हणालो, "टाक बिनधास्त. काय होत न्हाई."

त्याच दिवशी सकाळी एका म्हशीवाल्याला मी चांगली दहा मिनिटं समजावलं होतं. नवी पेंड एकदम देऊ नका, जुन्या पेंडीत मिसळून द्या, हळूहळू वाढवा.
मांजरासाठी तेवढी दोन वाक्यं माझ्याकडून निघाली नाहीत.

भुरीला तीन दिवस जुलाब. मरता मरता वाचली.

मावशी अर्धं पाकीट घेऊन परत आली. मला वाटलं, आता भांडणार.

"मला काय म्हणायचं न्हाई," ती म्हणाली. "पर दुसऱ्या कुणाला असं सांगू नको, बाबा. मुकं लेकरू हाय. पोट दुखतंय म्हणून त्याला सांगता येत न्हाई."

पुढं चार-सहा महिन्यांनी माझ्या बायकोनं, सुनीतानं, मांजराचं एक पिल्लू घरी आणलं. चिकू. आम्ही त्याला दूध-बिस्कीट घातलं, मग एकदम पाकिटातलं. व्हायचं तेच झालं. डॉक्टरांच्या औषधानं जुलाब थांबायचे, खायला दिलं की पुन्हा सुरू.

सुनीता मला न विचारता मावशीला घेऊन आली.

मावशीनं आधी दूध बंद केलं. चिकन नुसतं उकडायचं, मीठ नाही, हळद नाही, त्याचे बारीक तुकडे. चार दिवस फक्त तेच. पाचव्या दिवशी त्यात पाकिटातले चार दाणे.

"चारच?" सुनीतानं विचारलं.

"चारच. उद्या सा. सकाळी शी बघायची. घट असली तर वाढवायचं. पातळ झाली का एक पाऊल मागं."

बारा दिवस ती रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी आमच्याकडे येऊन गेली. सुनीता सगळं वहीत लिहून ठेवत होती.

"शेळीचं बी असंच की," मावशी म्हणाली. "सुक्या चाऱ्यावरची शेळी एकदम हिरव्यात सोडली तर फुगती. पोटाला बी वळख लागती, बाबा."

चिकू सुधारला.

आणि मी ती वही समोर ठेवून पोस्ट लिहिली. 'माझ्या अनुभवातून' असं वर टाकून.

पोटालाही ओळख लागते, हे वाक्य तुम्हा सगळ्यांना फार आवडलं होतं ना? ते मावशीचं. जसंच्या तसं उचललेलं.

सुनीतानं विचारलं, "अहो, मावशीचं नाव कुठंय यात?"

"पोस्ट लांब होते," मी म्हणालो.

केजहून, बीडहून फोन यायला लागले. कुणी सर म्हणायचं, कुणी मांजरांचे डॉक्टर. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं.

मावशीला वाचता येत नव्हतं. नातीनं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. मी गिऱ्हाईक नसताना सरकी मोजायला लागलो.

"लई ग्वाड लिवलंस," ती म्हणाली. "पर एक ऱ्हायलं बघ. जुलाब लागले का पाणी पाजाय लागतं. चमच्यानं, जरा जरा, सारखं. न्हाईतर पिल्लू वाळून जातं. तेवढं लिव त्यात."

"लिहितो, मावशी."

नाही लिहिलं.

एक मिनिटाचं काम होतं. पण एवढी वाहवा चाललेली असताना शेळ्या राखणाऱ्या बाईनं माझी चूक काढावी, हे मला सोसलं नाही. दुसरं काहीही कारण नव्हतं.

पंधरा दिवसांनी एका मुलीची कमेंट आली. 'सर, तुम्ही लिहिलं तसंच सगळं केलं. पण जुलाब थांबले नाहीत. पिल्लू सुकत गेलं, काल गेलं. पाणी पाजायला हवं होतं का?'

मी ती कमेंट डिलीट केली.

मग गुपचूप पोस्टमध्ये पाण्याची ओळ घातली. त्या मुलीला उत्तर दिलं नाही.

ताई, तू हे वाचत असशील तर ऐक. हो, पाणी पाजायला हवं होतं. आणि डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, तेही मी लिहिलं नव्हतं. तुझं काही चुकलं नाही. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

आज सकाळी मावशीच्या घरी गेलो. तिचा मुलगा दादाराव ओट्यावर बसला होता. त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "मांजराची ती पोस्ट माझी नव्हती. सगळं मावशीनं सांगितलेलं होतं."

तो म्हणाला, "ठाव हाय की. आमी तवाच तुला इचारणार होतो. माय म्हणली, कुणी काय बोलू नका त्याला. गावात दुकान घालून बसलाय, चार लोकात मान खाली जाईल त्याची."

मला तिथं उभं राहवेना.
आत जाऊन मावशीच्या पायावर डोकं ठेवलं आणि बाहेर आलो.

कौसामावशी, माफ कर म्हणायचीही माझी लायकी नाही.
सुखानं जा.