उजवी बाजू वर

माझ्या वरच्या खोलीत चिनात्सु नावाची पोरगी भाड्याने राहते. कॉलेजात यंत्रमानव बनवायला शिकते, पण स्वतःच्या बुटाची नाडी बांधताना तिची तारांबळ उडते. अशा मुलीला तिच्या अकिताच्या आजीने आपला निळा किमोनो पाठवला आणि वर अट घातली, "कुणाची मदत न घेता नेस, दिवसभर टोकियोत फीर, संध्याकाळी फोटो पाठव. चुकलीस तर किमोनो तुझ्या चुलतबहिणीला." चुलतबहिणीशी हिचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. पोरीने आठ दिवस फोनवर व्हिडिओ बघूनबघून सराव केला.

नेमकी त्या दिवशी मी सकाळीच दवाखान्यात गेले होते. नाहीतर पुढचं रामायण घडलंच नसतं.

संध्याकाळी बाई दारात हजर.

"काकू, जिंकले! आजीने लिहिलंय, झकास! किमोनो माझा!"

"अगं, आत तर ये."

"लोक इतके मानाने वागले म्हणून सांगू! देवळात दोन म्हाताऱ्यांनी मला बघून हात जोडले. गाडीत शेजारी कुणी बसलंच नाही, ऐसपैस आले. शिबुयाच्या चौकात केवढी गर्दी, पण माझ्यासाठी वाट मोकळी! फक्त मी जेवून निघाल्यावर नूडलवाल्याने दारात मीठ का टाकलं, ते नाही कळलं."

मी चष्मा लावला आणि तिला दिव्याखाली ओढलं.

"अगं कार्टे! उजवी बाजू वर घेतलीस? तसं मेलेल्या माणसाला नेसवतात! मीठ टाकलं ते अपशकुन घालवायला! अख्ख्या शहरातून मढं होऊन हिंडलीस, आणि एका मेल्याने तोंड उघडलं नाही!"

आमची माणसं अशीच. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी आधी हवापाण्याचं विचारतील.

"पण फोटोत तर डावीच वर आहे!" असं म्हणतानाच तिने कपाळावर हात मारला. व्हिडिओतल्या बाईसारखं हुबेहूब दिसेपर्यंत ती फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघून नेसली होती. तो आरशासारखा डाव्याचं उजवं दाखवतो, फोटोही तसाच काढतो. त्यामुळे अंगावरची चूक फोटोत दुरुस्त झाली होती.

"मग गप्प बस," मी म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. किमोनोची बाही कुरवाळत म्हणाली, "असा फसवून घेतलेला कसा नेसू हो, काकू?" आणि लावलाच फोन. मला तिचा राग आला आणि तितकीच मायाही.

"आजी, मी उलटा नेसले होते गं."

पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "ठाऊक आहे. तुझ्या डाव्या गालावरचा तीळ फोटोत उजव्या गालावर कसा गेला? कधी सांगतेस म्हणून वाट बघत बसले होते."

"मग किमोनो चुलतबहिणीला?"

"तुझाच. पण आधी सोड आणि नीट नेस. तसा उलटा नेसायला आपल्या घरात पहिला नंबर माझा आहे. रांगेत मध्ये घुसू नकोस!"