पावणेसात हातांवरचं कडं

"काढा हा लंगडा घोडा बाहेर!"

सांगलीतल्या आमच्या सूतगिरणीचा मॅनेजर मैदानाच्या कडेला खुर्चीवर चढून ओरडत होता. आवाज असा, की कृष्णेपलीकडच्या म्हशी चरायच्या थांबल्या. लंगडा घोडा म्हणजे मी. गिरणीच्या पटावर मी रखवालदार, पण काम एकच, बास्केटबॉल खेळायचा आणि खेळवायचा. हा खेळ मी लढाईच्या दिवसांत पलटणीत शिकलो होतो. त्या दिवशी गुडघा सुजून नारळाएवढा झालेला, त्यात एक सोपा चेंडू चुकला. मॅनेजर खाली उतरला, त्यानं साऱ्या गावादेखत माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. आणि या गृहस्थाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू नुसता फळीवर आपटला तरी टाळ्या पिटायचा.

मी साताऱ्याला मामाकडे आलो. तीन महिने भाकरीशी राग खाल्ला. मग तालमीमागच्या पटांगणात, पलटणीतून सुटून आलेले आठ गडी जमवले आणि शिकवायला लागलो. मनात एकच होतं, त्या माणसाला हरलेला बघायचा, आणि तोही माझ्या हातून.

चेंडू पाडायचं लोखंडी कडं बसवायला एक ओळखीचे ओव्हरसियर टेप घेऊन आले. बरोबर दहा फुटांवर कडं ठोकलं. मी ऐटीत पहिला चेंडू टाकला, तो कड्यावरून पलीकडे. दुसराही तसाच. आठ दिवस माझा एक चेंडू पडेना. गडी तोंड फिरवून हसायचे. गुडघा गेला, आता नेमही गेला, मग उरलं काय?

नवव्या दिवशी जेवताना घास हातातच राहिला. सांगलीचं कडं मीच बसवून घेतलं होतं. सुताराला दहा फूट सांगितले, पण त्याच्याजवळ टेप कुठली? "म्हंजी पावणेसात हात," दीड फुटाचा एक हात धरून तो म्हणाला, आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा आपला हात लावत खांब मोजला. हा बाबा न वाकता स्वतःचे गुडघे खाजवायचा, एवढा लांब हाताचा. म्हणजे सांगलीचं कडं चांगलं वीतभर उंच. पाहुण्यांचे चेंडू तिथं कड्याच्या खालीच का राहायचे आणि आमचे बरोबर का जायचे, ते मला त्या घासाला कळलं. आमची टीम तोवर बाहेरगावी कधी खेळलीच नव्हती.

मी कुणापाशी बोललो नाही. गिरणीला असं गोड आमंत्रण धाडलं, की कागदाला मुंग्या लागल्या असतील. मॅनेजरसाठी पहिल्या रांगेत खुर्ची मांडली, झेंडूचा हार आणला.

सांगलीकर आले. त्यांचा कॅप्टन माझा जुना जोडीदार, दोन वर्षं एका ताटात जेवलेला. मॅच सुरू झाली आणि त्यांचे चेंडू कड्यावरून उडायला लागले. एक शेजारच्या परसात चुलीवरच्या कालवणात पडला. एकानं उडती घार खाली आणली, खोटं वाटेल त्यानं साताऱ्यात विचारावं. माझे गडी शांतपणे टाकत होते आणि कड्यात पाडत होते. एवढा आनंद मला लढाई संपली तेव्हाही झाला नव्हता.

फक्त ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. हार उन्हात सुकला.

मॅच संपल्यावर कॅप्टन हौदापाशी पाय धूत होता. मी छाती काढून जवळ गेलो.

"गड्या, तुझ्या सायबाला जाऊन सांग. लंगड्या घोड्यानं लोळवलं म्हणावं."

त्यानं धोतराच्या सोग्यानं पाय पुसले, बंडी झटकली.

"त्यास्नी काय कळतंय? आमी जिकलो म्हणून सांगायचं, येतानाच ठरलंय."